साठाव्या दिवसाच्या आधी

14 मे 2020 रोजी कपिल वाधवान प्रकरणातल्या आरोपींना पहिली कोठडी मिळाली. 13 जुलै 2020 रोजी ईडीची तक्रार, म्हणजे काळ्या पैशाविरुद्धच्या पीएमएलए कायद्यातलं दोषारोपपत्र, कागदांच्या गठ्ठ्यासह कोर्टात दाखल झाली. कोठडीतल्या आरोपीविरुद्धचं दोषारोपपत्र साठ दिवसांत, आणि मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत, आलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. मधले दिवस मोजून पाहा. मे महिन्यातले 14 ते 31 असे 18, जूनचे 30, जुलैचे 12. साठ दिवस 12 जुलैला भरले. त्या दिवशी रविवार होता, पण रविवार होता म्हणून मुदत एका दिवसाने वाढली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. कोठडीचा पहिला दिवस धरायचा की सोडायचा, एवढ्याच प्रश्नावर ईडी विरुद्ध कपिल वाधवान हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे गेलं. 27 मार्च 2023 रोजी उत्तर आलं: पहिला दिवस धरायचा.

हा जामीन देताना पुरावा किती भक्कम आहे, रक्कम किती मोठी आहे, हे बघायचं कारणच उरत नाही. दिवस भरले, कागद आले नाहीत, आरोपीने अर्ज केला की त्याचा हक्क पक्का. दिमतीला वकिलांची फौज असलेल्या केंद्रीय यंत्रणेचं असं होऊ शकतं, तर तालुक्याच्या ठाण्यातल्या फौजदाराचं काय होत असेल? त्याच्या टेबलावर एका वेळी दहा-पंधरा तपास असतात, मधेच गणपतीचा बंदोबस्त लागतो, निवडणूक येते, आणि पैरवीचा, म्हणजे ठाण्याची कोर्टातली कामं बघणारा, हवालदार नेमका रजेवर असतो. साठ आणि नव्वदचं हे गणित संपूर्ण जिल्ह्यासाठी ज्याच्या डोक्यात पक्कं असायला हवं, त्या माणसाविषयी आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. टीव्हीवर दिसतो तो युक्तिवाद करणारा सरकारी वकील. युक्तिवादाच्या कितीतरी आधी फाईल वाचणारा, परत पाठवणारा, कोणता खटला कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवणारा प्रमुख अभियोक्ता मात्र कोणाला दिसत नाही.

महाराष्ट्रात ही जबाबदारी दोन ठिकाणी वाटलेली आहे. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे अतिरिक्त सरकारी वकील काम बघतात. ही मंडळी वकिलीतून ठरावीक मुदतीसाठी नेमलेली असतात, 1984 च्या विधी अधिकारी नियमांखाली येतात आणि त्यांचा संबंध विधी व न्याय विभागाशी असतो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ते असतात. ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आलेले पगारी अधिकारी, आणि त्यांचं खातं म्हणजे गृह विभागाखालचं अभियोग संचालनालय. जिल्ह्यात त्यांच्यावर सहायक संचालक असतात. एकाच गुन्ह्याची फाईल तालुका कोर्टातून कमिट होऊन, म्हणजे खटल्यासाठी वर्ग होऊन, सत्र न्यायालयात गेली की ती एका विभागाच्या हातातून दुसऱ्या विभागाच्या हातात जाते. मूळ कागदांवर ज्याने टिपणं काढली त्याचं टिपण पुढे जाईलच, याची कुठलीही सोय आपोआप होत नाही. प्रमुख सजग असेल तर तो कमिटलच्या दिवशीच एक पानाचं टाचण मागून घेतो: साक्षीदार किती, त्यातले डळमळीत कोण, कुठला अहवाल यायचा बाकी आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 20 ने या रचनेत राज्य आणि जिल्हा अशी उतरंड स्पष्ट केली. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या आणि फाशीच्या गुन्ह्यांवर देखरेख संचालकांची; अपील करावं की नाही यावर मतही त्यांचंच. सात ते दहा वर्षांच्या आतले खटले उपसंचालकांकडे, आणि पोलिसांच्या अहवालाची छाननी हे त्यांचं काम म्हणून कायद्यातच लिहिलेलं. सातच्या खालचे सहायक संचालकांकडे. सहायक संचालक व्हायला वकिलीची किमान सात वर्षं लागतात, किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून काम केलेलं असावं लागतं. छाननी हा शब्द कायद्यात आला, ही माझ्या मते या कलमातली सर्वांत मोलाची गोष्ट. तोवर ती चांगल्या अधिकाऱ्याची सवय होती. आता ती मागता येते.

हा अधिकारी पोलिसांचा माणूस नाही, ही गोष्टही महाराष्ट्रातूनच ठरली. 1974 पासून इथले सहायक सरकारी अभियोक्ते पोलीस खात्याच्या प्रशासकीय आणि शिस्तीच्या अंमलाखाली होते. ज्याच्या तपासातली चूक दाखवायची, त्याच्याच खात्याकडे आपली बदली आणि गोपनीय अहवाल. 1995 साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पोलिसांच्या ताब्यातून काढून स्वतंत्र संवर्ग करायला सांगितलं. अभियोक्त्याला तपासी अधिकाऱ्याची फाईल परत पाठवता येते ती या निकालामुळे. ज्या जिल्ह्यात फाईल कधीच परत जात नाही, तिथे छाननी होत नाही असंच समजावं.

छाननीत नेमकं काय बघतात? शेताच्या बांधावरून झालेल्या मारहाणीची एक नेहमीची फाईल घेऊ. कुऱ्हाडीचा तुंबा डोक्यात बसला, हात मोडला, दोघांना अटक झाली.

पहिला प्रश्न तारखेचा. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर गुन्हा जुन्या दंड संहितेखाली, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेखाली. यात फक्त कलमांचे आकडे बदलत नाहीत. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत तीव्र वेदना किंवा रोजचं काम न जमणं याचे दिवस पूर्वी वीस होते, आता पंधरा आहेत. म्हणजे सोळाव्या दिवशी कामावर गेलेला जखमी जुन्या कायद्यात साध्या दुखापतीचा आणि नव्यात गंभीर दुखापतीचा.

दुसरा प्रश्न हाडाचा. दाखल्यावर डॉक्टरांनी नुसतं ‘फ्रॅक्चर’ लिहिलंय आणि एक्स-रे प्लेट फाईलला नाही, ही सगळ्यात जास्त आढळणारी त्रुटी. उलटतपासात पहिला प्रश्न त्याच प्लेटचा येतो. प्लेट रुग्णालयात असते, नातेवाईक ती घरी घेऊन गेलेले असतात, सहा महिन्यांनी ती सापडत नाही. शिवाय या एका प्लेटवर दिवसांचं गणित फिरतं. घातक हत्याराने साधी दुखापत, कलम 118 चं पहिलं पोटकलम, तीन वर्षांपर्यंत शिक्षा: दोषारोपपत्राची मुदत साठ दिवस. त्याच हत्याराने गंभीर दुखापत, दुसरं पोटकलम, जन्मठेपेपर्यंत शिक्षा: नव्वद दिवस. तपासी अधिकारी मनात नव्वद धरून बसलेला असतो आणि कागदावर कलम वाढवलेलंच नसतं. म्हणून अटकेच्या आठवड्यातच अभियोक्त्याने कलम आणि वैद्यकीय कागद समोरासमोर ठेवून बघायचे असतात. पन्नासाव्या दिवशी हे लक्षात आलं तर धावपळ होते, आणि धावपळीतले जबाब उलटतपासात टिकत नाहीत.

तिसरी गोष्ट मुद्देमालाची साखळी, आणि इथे खरोखर एकेक ओळ वाचावी लागते. जप्ती पंचनाम्यात कुऱ्हाडीचं वर्णन काय, लाखेचं सील मारलं का, पंचांच्या सह्यांची लेबलं आतून की बाहेरून. मग ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरची नोंद: तारीख तीच आहे का. मग प्रयोगशाळेला गेलेलं पत्र: वर्णन आणि सील जुळतात का. मग माल घेऊन गेलेल्या कर्मचाऱ्याचा जबाब, आणि प्रयोगशाळेची पोच. पंचनामा 4 तारखेचा, प्रयोगशाळेची पोच 21 तारखेची, आणि मधले सतरा दिवस माल कुठे होता हे सांगणारा एकही साक्षीदार यादीत नाही, असं सर्रास दिसतं. मुद्देमाल कारकुनाचा अर्ध्या पानाचा जबाब घेतला की ही भेग बुजते. तो दोषारोपपत्राआधी घेणं सोपं असतं. खटल्यात आरोपीच्या वकिलाने भेग दाखवल्यावर तोच जबाब भर टाकल्यासारखा दिसतो.

तेच हत्यार मोहोरबंद स्थितीत डॉक्टरांना दाखवून ‘ही जखम याने होऊ शकते का’ असं लेखी विचारायचं असतं. पुष्कळदा हत्यार थेट प्रयोगशाळेला जातं, डॉक्टरांना कधी दिसतच नाही. आणि सीए रिपोर्ट म्हणजे रासायनिक विश्लेषकांचा अहवाल. तो कलिन्याहून, नाशिकहून किंवा नांदेडहून येतो तेव्हा दोषारोपपत्र आधीच गेलेलं असतं. अहवाल ठाण्यात येऊन पडतो आणि कोर्टात पोचत नाही. रक्ताचा अहवाल सरकार पक्षाच्या बाजूचा असूनही निशाणी, म्हणजे कोर्टाचा पुराव्याचा क्रमांक, न पडल्यामुळे निकालात त्याचा उल्लेख नसतो, यासारखं दुसरं वाईट वाटणारं काही नाही. चांगल्या कार्यालयात यासाठी वेगळी वही असते: खटला क्रमांक, अहवाल कोणता, केव्हा मागितला, केव्हा आला, कोर्टात केव्हा दिला.

आरोपीने काढून दिलेल्या वस्तूचा निवेदन पंचनामा हा आणखी एक नाजूक कागद. कायदा मानतो तेवढंच निवेदन ज्यातून नवी गोष्ट सापडली. ‘मी मारलं’ हे वाक्य त्यातून वगळलं जातं. निवेदन आरोपीच्या बोलीत, त्याच्या शब्दांत हवं. दहा गुन्ह्यांत दहा आरोपी एकच छापील वाक्य बोलतात तेव्हा न्यायाधीशांचा विश्वास उडतो, आणि उडायलाच हवा. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे सक्तीचं आहे. त्यामुळे पंचनाम्यातली वेळ आणि चित्रफितीतली वेळ ताडून बघणं हे छाननीतलं नवं काम झालं आहे.

सीसीटीव्हीचं तर वेगळंच. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, साधारण पंधरा दिवस ते महिनाभरात जुन्या चित्रणावर नवं चित्रण चढवतो. म्हणजे साठाव्या दिवशी छाननी करून ‘फुटेज घ्या’ असा शेरा मारण्यात अर्थ नसतो. घेतलेल्या फुटेजसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं: भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदललेली नाही हे ताडून बघता येणारा सांकेतिक आकडा. प्रमाणपत्राशिवाय प्रत चालत नाही हे जुन्या कलम 65-बीच्या संदर्भात 14 जुलै 2020 रोजी पक्कं झालं, तेही जालन्यातल्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात. त्याच निकालाने एक वाटही दाखवली: ताब्यात यंत्र असलेला माणूस प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं. हा अर्ज करायचं तरुण अभियोक्त्यांना सुचत नाही. प्रमुखाने तो नमुनाच करून टेबलावर ठेवावा.

काही फाईलींत एकच कागद नसल्याने सारं कोसळतं. गावठी कट्ट्याच्या गुन्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी. लाचेच्या सापळ्यात सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, तीही विचारपूर्वक दिलेली, कारण नमुन्यावर सही केलेल्या मंजुरीची चिरफाड होते. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केलेला असणं आणि जातीचा दाखला. पोक्सोत वयाचा पुरावा: शाळेचा निर्गम उतारा किंवा जन्मनोंद, आणि ती शाबीत करायला मुख्याध्यापक किंवा ग्रामसेवक साक्षीदारांच्या यादीत. दाखला जोडलाय, साक्षीदार नाही, असं होतं.

खटला उभा राहिला की प्रमुखाचं काम बदलतं. आता माणसं सांभाळायची. एका सहायक अभियोक्त्याच्या रोजच्या बोर्डावर कित्येक प्रकरणं असतात. त्यातल्या कुठल्या दोनांत आज साक्ष होईल हे आदल्या संध्याकाळीच ठरवावं लागतं. पाच खटल्यांत पाच-पाच साक्षीदारांना समन्स काढलं की वीस जण परत जातात. मजुरी बुडवून आलेला माणूस दोनदा परत गेला की तिसऱ्यांदा येत नाही, किंवा येतो तो आरोपीच्या गाडीतून. साक्षीदार फुटण्याची कारणं शोधताना आपण धाकदपटशाकडे आधी बघतो. तोही आहेच. पण व्हरांड्यात बसायला जागा नाही, भत्त्याचा अर्ज कुठे द्यायचा कोणी सांगत नाही, सरकारी वकिलाने साधं नावही विचारलं नाही, हेही तितकंच खरं कारण आहे, आणि ते प्रमुखाच्या हातातलं आहे.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 330 चा वापर हा जाणत्या प्रमुखाचा आणखी एक हातखंडा. सरकार पक्षाने कागदांची यादी द्यायची, आरोपीने तीस दिवसांत कोणते कागद मान्य, कोणते अमान्य ते सांगायचं. मान्य कागदासाठी साक्षीदार लागत नाही. घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल असे कागद मान्य झाले की एका खटल्यातल्या चार-पाच तारखा वाचतात. बदली झालेल्या किंवा निवृत्त अधिकाऱ्याच्या जागी त्याच पदावरच्या दुसऱ्याने कागद शाबीत करण्याची सोय कलम 336 ने केली आहे, तिचाही उपयोग करून घेता येतो.

आणि फितूर साक्षीदाराची तपासणी. इथे अनुभव कमी पडला की नुकसान मोठं होतं. साक्षीदार उलटला की नवखा अभियोक्ता कोर्टाची परवानगी घेतो आणि ‘तुम्ही आरोपीला वाचवायला खोटं बोलताय’ एवढं विचारून खाली बसतो. करायचं असतं ते वेगळं. पोलिसांपुढच्या जबाबातलं नेमकं वाक्य त्याला दाखवायचं, तो नाकारतो ते लिहून घ्यायचं, त्या भागाला ‘अ’ अशी खूण पाडून घ्यायची. मग तपासी अधिकारी पिंजऱ्यात आला की त्याला विचारायचं की हा ‘अ’ भाग साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला का. हा दुसरा टप्पा विसरला जातो, कारण मधे आठ महिने गेलेले असतात आणि कदाचित अभियोक्ताही बदललेला असतो. फाईलच्या आतल्या पानावर ‘तपासी अधिकाऱ्याला विचारायचे’ असा रकाना ठेवून प्रत्येक साक्षीनंतर तो भरणं, इतका साधा उपाय यावर आहे.

आता नकार देण्याविषयी, कारण या पदाचा कस तिथे लागतो. 1994 साली हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र शासन या टाडाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासाची मुदत वाढवून मागताना सरकारी अभियोक्त्याने स्वतः विचार करून अहवाल द्यायचा असतो. पोलिसांची विनंती पुढे ढकलणं म्हणजे अहवाल नव्हे. आज मोक्काखाली नव्वदचे एकशे ऐंशी दिवस करताना हाच नियम लागतो: तपास कुठवर आला आणि कोठडी अजून का हवी, याची नेमकी कारणं. बँकेचे उतारे आलेत का, कोणत्या आरोपीचा शोध चालू आहे, कुठल्या अहवालाची वाट आहे. हे लिहिता येत नसेल तर मुदतवाढ मागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जामिनाच्या अर्जावर ‘सरकार पक्षाचा सक्त विरोध’ हे चार शब्द लिहून म्हणणं देण्याची पद्धतही सोडायला हवी. तपास संपला आहे, जप्ती झाली आहे, गुन्हा तीन वर्षांच्या आतल्या शिक्षेचा आहे, तिथे विरोधाला कारण काय? प्रत्येक अर्जाला सारखाच विरोध केला की जिथे खरंच साक्षीदाराच्या जिवाची भीती आहे तिथला विरोधही न्यायाधीशांना सारखाच वाटू लागतो.

खटला मागे घेण्याचा अर्ज हा सर्वांत अवघड प्रसंग. शासन निर्णय मंत्रालयातून येतो, पण कलम 360 प्रमाणे अर्ज करणारा अभियोक्ताच असतो आणि विचारही त्याचाच हवा. नव्या संहितेने पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय परवानगी देऊ नये असं घातलं. आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत, हे 10 ऑगस्ट 2021 च्या आदेशापासून. आंदोलनातल्या पन्नास शेतकऱ्यांवरचा रास्ता रोकोचा खटला आणि त्याच गर्दीत कंडक्टरचं डोकं फोडल्याचा खटला एकाच यादीत येतात. यादी वेगळी करून दुसऱ्यावर ‘अर्ज करता येणार नाही’ असं लिहिणारा अधिकारी जिल्ह्यात असला पाहिजे, आणि असं लिहिल्याबद्दल त्याची बदली होता कामा नये.

उरतो निकालानंतरचा भाग, जो बहुतेक कार्यालयांत घाईत उरकला जातो. निर्दोष सुटकेचा निकाल लागला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज गेला पाहिजे, कारण उच्च न्यायालयात अपिलाला नव्वद दिवस आहेत आणि अभियोक्त्याचं मत, जिल्ह्याचा प्रस्ताव, मंत्रालयाचा निर्णय हे सारं त्यातच बसवायचं असतं. मत लिहिताना ‘निकाल पुराव्याच्या विरुद्ध आहे’ असं मोघम लिहून भागत नाही. कोणत्या साक्षीदाराच्या सरतपासातलं, म्हणजे सरकार पक्षाने घेतलेल्या साक्षीतलं, कोणतं वाक्य निकालात विचारात घेतलं गेलं नाही, ते परिच्छेद क्रमांकासह हवं. आणि अपील करण्याजोगं नसेल तर तेही तितकंच स्पष्ट.

गुजरात शासन विरुद्ध किशनभाई या 7 जानेवारी 2014 च्या निकालाने प्रत्येक निर्दोष सुटकेचं कारण शोधायला, आणि त्यासाठी पोलीस व अभियोग या दोन्ही खात्यांतल्या वरिष्ठांची समिती ठेवायला सांगितलं. या समितीपुढे जाणाऱ्या तक्त्यात ‘साक्षीदार फितूर’ हा एकच शेरा वर्षानुवर्षं भरला जातो. तो शेरा बंद करून त्या जागी तीन प्रश्न ठेवावेत: फितूर साक्षीदाराला पहिलं समन्स घटनेनंतर किती महिन्यांनी गेलं, तो किती वेळा परत गेला, आणि त्याचा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा कलम 183 चा जबाब का घेतला नव्हता. तक्ता भरून झाला की त्याची एक प्रत त्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे जावी, आणि एक प्रत तो खटला चालवणाऱ्या अभियोक्त्याकडेही.